रेवदंड्याला नेलेली कुत्री

टेंपो चालू करण्याआधी अर्जुनराव खाली वाकून बघत. रोज. टोपी काखेत, किल्ली मुठीत, एक हात चाकावर टेकवून ते जमिनीपर्यंत वाकत आणि टेंपोच्या पोटाखाली डोकावून म्हणत, "चला, उठा. दिस आला वर." खाली झोपलेली कुत्री आळस देत एकेक करून बाहेर येत. हरणी सगळ्यांत शेवटी. ती बाहेर येऊन भिंतीपाशी बसली की मगच अर्जुनराव वर चढत. गुडघ्यांमुळे वाकताना त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघे. पण वाकणं कधी चुकलं नाही.

आम्ही कासारवाडीला त्यांच्या घरात भाड्याने राहत होतो. पुढच्या बाजूला अर्जुनराव आणि छबूबाई, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. माझे बाबा, गुरुदत्त, एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. अर्जुनराव त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठे, तरी दोघे एकमेकांना 'राव' लावूनच हाक मारत. हे घर आणि दारातला तीनचाकी टेंपो, दोन्ही अर्जुनरावांच्या गेलेल्या रानाच्या पैशातून आलं होतं. भोसरीच्या अंगाला त्यांचं रान होतं. औद्योगिक वसाहत झाली तेव्हा ते गेलं. आता तिथे कारखाना होता आणि अर्जुनराव त्याच कारखान्याच्या फाटकातून लोखंडाचा ओतीव माल आत-बाहेर करत. फाटकावरचा रखवालदार रोज पास मागे, ते रोज दाखवत. त्याबद्दल ते काही बोलल्याचं मला आठवत नाही. फक्त संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना टेंपोतून उतरायला वेळ लागे. इंजिन बंद करून ते तसेच समोर बघत बसून राहत. छबूबाई चहाचा कप घेऊन येत, तो खिडकीतून त्यांच्या हातात देत आणि आत जात.

हरणी त्या रानात जन्मलेली. रान सोडलं त्या वर्षी ती छबूबाईंच्या पाटीत बसून कासारवाडीला आली. विहीर, खळं, बांधावरची झाडं यांतलं काही येण्यासारखं नव्हतं, बैल विकावे लागले. हरणी आली. ढवळ्या आणि तांबू ही तिची पोरं, पण ती इथलीच. हमरस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजात वाढलेली.

चौऱ्याहत्तर साली, होळीच्या सुमारास, तिघांनाही लूत लागली. आधी कानांच्या कडा गेल्या, मग कोपरं, मग पाठीवर हाताएवढे चट्टे. रात्रभर टेंपोखालून खाजवण्याचा आवाज येई, नखं पत्र्यावर लागत.

रानात असताना यावर औषध होतं. बांधावर करंजांची ओळ होती. शेंगा गोळा करून तेल्याच्या घाण्यावर द्यायच्या, त्या तेलात गंधक कालवून कुत्र्याला लावायचं. रानाबरोबर करंज गेले, पुढे तेल्याचा घाणाही बंद पडला. त्याच्या जागी आमच्या भागात एक नवं औषध आलं होतं, जळकं ऑइल. इंजिनातून आणि मशिनांतून काढून टाकलेलं काळं तेल. कुठल्याही वर्कशॉपच्या मागे त्याची पिंपं उभी असत, डबा घेऊन गेलं की कोणी नाही म्हणत नसे. दाराच्या बिजागऱ्यांना, वाळवी लागलेल्या खांबांना, म्हशीच्या खुरांना, सगळ्याला तेच. अर्जुनराव ते स्वतःच्या गुडघ्यांनाही चोळत. तेव्हा एका रविवारी त्यांनी डबाभर जळकं ऑइल आणलं, त्यात गंधक कालवलं आणि तिन्ही कुत्री मानेपासून शेपटीपर्यंत माखून काढली.

"वास तरी बघा त्येचा," छबूबाई म्हणाल्या.

"तेल त्ये तेल," अर्जुनराव म्हणाले.

कुत्री अंग चाटतात. ढवळ्याने सगळ्यांत जास्त चाटलं. तो दोन दिवस ओकत राहिला, आणि नंतरच्या सकाळी अर्जुनराव वाकून "उठा" म्हणाले तेव्हा टेंपोखालून दोनच कुत्री बाहेर आली.

त्यांनी त्याला रेल्वेच्या कडेला पुरलं. परत आल्यावर हात धुतले आणि मालाच्या खेपेला गेले. उशीर झाला म्हणून कारखान्यातल्या सुपरवायझरने विचारलं, तेव्हा टायर पंक्चर झाल्याचं सांगितलं. बाबा त्याच कारखान्यात होते, त्यांनी हे आपल्या कानांनी ऐकलं.

उरलेल्या दोघांची कातडी तेलाने भाजल्यासारखी झाली. जिथे लूत होती तिथे आता ओलं, लाल मांस दिसे. हरणीने खाणं सोडलं. त्यातच पलीकडच्या कॉलनीतल्या लोकांनी तक्रार केली की लुतीची कुत्री पोरांच्या अंगावर येतात, आणि बातमी आली की येत्या आठवड्यात कुत्री धरणारी गाडी येणार. त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. हरणीला आत कोंडावं तर ती दारावर डोकं आपटी. टेंपोखालची जागा सोडून दुसरीकडे राहायचं तिला माहीतच नव्हतं.

"लहानपणी मला खरूज झाली होती," बाबा त्या संध्याकाळी ओट्यावर म्हणाले. "आमच्या आत्याने रोज समुद्रात बुडवून काढलं. गेली."

अर्जुनराव टेंपोतच बसलेले होते. "कुठं ऱ्हाते आत्या?"

"रेवदंड्याला. अलिबागच्या पुढे."

"रस्ता?"

"आहे. खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली, पेण, अलिबाग. तुमचा टेंपो किती दम धरेल ते मात्र मी सांगू शकत नाही."

अर्जुनरावांनी चहा संपवला. "आमचा दम सरलाय गुरुदत्तराव, टेंपोचा न्हाई," ते म्हणाले.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. भावकीतले सोपानराव सकाळी सकाळी दारात येऊन उभे राहिले. "काय अर्जुनराव, म्हातारीला कधी काशी दावली न्हाई, आन् कुत्र्यांना समुद्र दावाया निघाले?"

"काशीला टेंपो जात न्हाई," अर्जुनराव म्हणाले आणि मागच्या फळीवर पोती अंथरायला लागले.

शनिवारी उजाडायच्या आत ते निघाले. बाबांनी एक दिवसाची रजा टाकली होती. वाट त्यांनाच माहीत होती. पुढे अर्जुनराव आणि बाबा, मागे पोत्यांवर छबूबाई, एका बाजूला हरणी, दुसऱ्या बाजूला तांबू, पाण्याची कॅन आणि भाकरीचं गाठोडं. पुढे बसा म्हटलं तर छबूबाई म्हणाल्या, "ती ओकत्याली. त्यांच्याजवळ कुणीतरी पायजे." आणि देहूरोड यायच्या आत दोन्ही कुत्री ओकली. मग तळेगावला, मग कामशेतला. प्रत्येक वेळी छबूबाई आतून पत्र्यावर थाप मारत, अर्जुनराव कडेला घेत, पोतं बदललं जाई, पाणी दिलं जाई. मालाच्या वजनाची सवय असलेला टेंपो रिकामा असला की फार हादरे. बाबा म्हणत, त्या दिवशी दात एकमेकांवर आपटून त्यांचं डोकं दुखायला लागलं, आणि अर्जुनराव मात्र रोजच्यासारखे, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, स्टिअरिंगला टेकून चालवत होते. जणू खडकीपर्यंत माल पोचवायचा आहे.

घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी सगळे ड्रायव्हर हात जोडतात. अर्जुनरावांनी टेंपो थांबवला, उतरून हात जोडले आणि ब्रेक गार होईपर्यंत दगडावर बसून राहिले. खाली कोकण उन्हात धुरकट दिसत होतं.

"अजून किती?" त्यांनी विचारलं.

"अर्धं झालं."

"उतरायचं अर्धं. येताना चढायचं हाय," अर्जुनराव म्हणाले.

खोपोलीच्या पुढे हवा बदलली. घाम सुकेना. तांबू जीभ काढून फळीवरून डोकं बाहेर लोंबकळत ठेवून होता, आणि हरणी छबूबाईंच्या पदराखाली तोंड खुपसून. पेण ओलांडल्यावर खाडीच्या कडेला मिठागरं लागली. चौकोनी वाफे, मधून बांध, वाफ्यांत पाणी उभं. अर्जुनरावांनी सकाळपासून पहिल्यांदाच वेग कमी केला.

"काय लावलंय?"

"मीठ," बाबा म्हणाले.

अर्जुनराव बराच वेळ त्या वाफ्यांकडे बघत होते. "बांध बरे घातलेत," ते म्हणाले. मग थोडं पुढे गेल्यावर, "ह्ये रान कुणी मागणार न्हाई."

रेवदंड्याला पोचेपर्यंत दिवस कलला होता. बाबांची आत्या, विमलबाई, नारळ-सुपारीच्या वाडीत एकट्या राहत. तुटक बोलणाऱ्या आणि उंच. दारात टेंपो थांबलेला बघून त्या कंदिलाची काच पुसता पुसता बाहेर आल्या.

"गुरू, पत्र नाही, निरोप नाही. आणि हे काय आणलंस?"

"कुत्री आहेत, आत्या."

"ते दिसतंय मला. ओटीवर यायची नाहीत, आधीच सांगते."

"न्हाई यायची," अर्जुनराव म्हणाले. "टेंपोखाली झोपत्यात ती."

विमलबाईंनी त्यांच्याकडे, मग छबूबाईंच्या हातातल्या नारळाकडे पाहिलं. समुद्राची ओटी भरायची म्हणून छबूबाईंनी तो पिंपरीच्या बाजारातून आणला होता. विमलबाईंनी मागच्या वाडीतल्या माडांवरून एकदा नजर फिरवली. "नारळ आणलात हे बरं केलंत हो. इथे मिळत नाहीत."

छबूबाई हसल्या. दिवसभरात तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते समुद्रावर गेले. छबूबाईंनी लाटेला हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला. अर्जुनराव धोतर खोचून पाण्याच्या कडेला उभे राहिले. त्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता, पण ते त्याच्याकडे बघत नव्हते. हरणीला त्यांनी दोन्ही हातांवर उचललं होतं आणि पाणी कुठे उथळ आहे ते शोधत होते. बाबांनी तांबूला दोरीने धरलं.

बाबा पुढे कितीतरी वेळा म्हणाले, मला आठवायला हवं होतं की माझी खरूज कोरडी होती.

खारं पाणी उघड्या मांसाला लागलं तशी हरणी ओरडली. कुत्र्यासारखी नाही, माणसासारखी, असं छबूबाई सांगत. तांबूने दोरीला हिसका दिला, मागे वळून अर्जुनरावांचं मनगट धरलं आणि दात रुतवले. अर्जुनरावांनी हात सोडवून घेतला नाही. हरणी त्यांच्या दुसऱ्या हातावर होती, ती पाण्यात पडली असती. ते तसेच, एका हाताला लोंबकळणारा तांबू आणि दुसऱ्या हातावर हरणी घेऊन, ओल्या वाळूवरून मागे मागे येत राहिले. वाळू कोरडी लागली तिथे खाली बसले. तांबूने मग आपणच मनगट सोडलं आणि ते चाटायला लागला.

"चला," थोड्या वेळाने अर्जुनराव म्हणाले. "घरी जाऊ."

"अहो, आजचाच दिवस..." बाबा बोलायला लागले.

"आणखी किती छळायचं त्यास्नी? एक मारला मी. ह्यांना तरी त्या टेंपोखाली मरू द्या."

ते वाडीत परतले तेव्हा विमलबाई विहिरीपाशी भांडी घासत होत्या. त्यांनी थरथरणारी हरणी पाहिली आणि हात थांबवला.

"हिला समुद्रात घातली कोणी?"

बाबा तांबूची दोरी सोडायला लागले.

"तरीच. आंब्याच्या डहाळीसारखी तुझी अक्कलही वर्षातून एकदाच मोहरते वाटतं." त्या उठून जवळ आल्या, हरणीच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट नाकाशी नेलं. "हे काय फासलंय?"

"जळकं ऑइल," अर्जुनराव म्हणाले. "कंपनीतलं."

"का?"

"लूत होती."

विमलबाईंनी बोट पदराला पुसलं. आत जाऊन रिठ्याचं पाणी आणि एक हिरवट बाटली घेऊन आल्या. आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने, रिठ्याने, ते काळं तेल काढलं. त्यात दुपार झाली. मग बाटलीचं बूच काढून तेल वाटीत ओतलं आणि वाटी अर्जुनरावांच्या पुढे धरली. "हलक्या हाताने लावा. चोळू नका."

अर्जुनरावांनी वाटी घेतली आणि तशीच धरून बसले. वास त्यांच्यापर्यंत आधी पोचला होता.

"करंज?"

"मग काय अत्तर? बंदराच्या रस्त्याला झाडंच झाडं आहेत. इथे दिव्यालासुद्धा हेच जाळायचे पूर्वी."

"आमच्या बांधाला होती," अर्जुनराव म्हणाले. छबूबाईंनी चटकन त्यांच्याकडे पाहिलं. रान गेल्यापासून बांधाचं नाव त्यांच्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं. "ओळच्या ओळ होती. पार विहिरीपस्तोर. हिच्या आईला ह्येच लावायचो." मग त्यांनी हरणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानाच्या कडेपासून तेल लावायला सुरुवात केली.

बाबा संध्याकाळच्या एसटीने परतले. अर्जुनराव आणि छबूबाई राहिले. पुढचं सगळं छबूबाईंकडून कळलं. सकाळ-संध्याकाळ तेल लावायचं, आणि उरलेला दिवस अर्जुनराव विमलबाईंच्या वाडीत आळी नीट करत, पाटाचं पाणी फिरवत. कोणी सांगितलं नव्हतं. विमलबाईंनीही नको म्हटलं नाही. रात्री ते जेवण झाल्याबरोबर झोपत, इतके गाढ की छबूबाई एक-दोनदा उठून त्यांचा श्वास बघत.

तांबू लवकर सुधारला. वाडीत माकडांचा उपद्रव होता, कोवळे नारळ तोडून टाकत. तांबूला ट्रकांपेक्षा माकडं आवडली. तो दिवसभर माडांखालून भुंकत फिरे आणि रात्री ओटीच्या पायरीवर झोपे. ओटीवर नाही, पायरीवर. हरणी मात्र टेंपोखालून फक्त तेलासाठी बाहेर येई. घरच्या भिंतीची, हमरस्त्यावरच्या ट्रकांची, कशाकशाची तिला इथे खूण नव्हती. होता तो टेंपो.

आठवडा उलटल्यावर विमलबाई म्हणाल्या, "हा इथे राहू दे. मला उपयोग आहे. तिकडे नेलात तर गाडीवाले धरतील."

"त्याला इथलं..." अर्जुनराव म्हणाले आणि थांबले. तांबू सुपारीच्या झावळीशी झटापट करत होता. "त्याला ठीक हाय इथं," ते म्हणाले. "हरणीला न्हाई ठेवत."

"तिला मी मागितलीच नाही," विमलबाई म्हणाल्या, आणि करंजाच्या तेलाची भरलेली बाटली व मूठभर शेंगा छबूबाईंच्या पिशवीत घातल्या.

टेंपो निघाला तेव्हा तांबू बोळाच्या टोकापर्यंत मागे धावला. मग वाडीतल्या कौलांवर माकडं धपकली. तो थबकला, दोन्हीकडे बघून परत पळाला.

"आला का?" छबूबाईंनी मागून विचारलं. त्या हरणीला धरून उलट्या तोंडाने बसल्या होत्या. त्यांना सगळं दिसत होतं. तरी त्यांनी विचारलं.

"वळला," अर्जुनराव आरशात बघत म्हणाले.

चौलच्या पुढे त्यांनी टेंपो कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि समोर बघत बसून राहिले. छबूबाईंनी घाई केली नाही. रान सोडलं त्या दिवशीही ते असेच, बैल जुंपलेल्या गाडीत बसून राहिले होते. तेव्हाही त्यांनी घाई केली नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी पाण्याचा तांब्या खिडकीतून पुढे केला. अर्जुनरावांनी घोट घेतला आणि किल्ली फिरवली.

घाटात टेंपो तापला. छबूबाई आणि हरणी उतरून चालायला लागल्या, टेंपो त्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत येत राहिला. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत. हरणी मधेच बसे. मग छबूबाई बसत, मग टेंपो थांबे. ते तिघे असे घाट चढले.

ते येईपर्यंत गाडी येऊन गेली होती. कॉलनीच्या कोपऱ्यावर, खाटकाच्या दुकानापुढे, कुठे कुत्रं दिसत नव्हतं. रात्री इतकी शांतता होती की ट्रकांचे आवाज जवळ आल्यासारखे वाटत. अर्जुनरावांनी मशीनच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा कापून हरणीच्या गळ्यात बांधला, ती कोणाचीतरी आहे हे दिसावं म्हणून. गणपतीपर्यंत तिच्या अंगावर केस आले, पूर्वीपेक्षा पांढरट. त्यानंतर ती आणखी दोन हिवाळे जगली आणि टेंपोखालीच गेली, झोपेत. शेंगांतली एक मोरीच्या पाण्यावर रुजली. त्या करंजाची सावली आता आमच्या खिडकीवर पडते.

हरणीनंतर अर्जुनरावांनी कुत्रं पाळलं नाही. पण टेंपो चालू करण्याआधी ते वाकून बघतच राहिले. "उठा" म्हणत नसत, नुसतं बघत. एक्क्याऐंशी साली छातीच्या दुखण्याने त्यांना टेंपो विकावा लागला. मग ते ओट्यावर खाट टाकून पडून असत आणि दारातून कोण जातं-येतं ते बघत.

श्रावणातल्या एका सकाळी बाबा कामावर निघाले होते. अर्जुनराव खाटेवर उशीला टेकून बसले होते, चहा घेऊन झाला होता. दुपारी छबूबाई जेवायला हाक मारायला गेल्या तेव्हा ते गेलेले होते. पण सकाळी तसं काही वाटलं नव्हतं. बाबांनी स्कूटर स्टँडवरून उतरवली, किकवर पाय ठेवला, आणि खाटेवरून रोजच्यासारखा, थोडा दमलेला आवाज आला,

"गुरुदत्तराव, खाली बघून काढा."